बायकांची फॅशन एका पुरुषानं ठरवली होती: सांगली-साताऱ्याच्या रंगमंचावरून घराघरांत गेलेल्या नऊवारीची गोष्ट

चपलांच्या दुकानात जाऊन "बेली दाखवा" म्हटलं की दुकानदार बरोबर तीच चप्पल काढतो. पुढून गोल, टाच नाही, पाऊल अलगद झाकणारी. कॉलेजच्या मुलीपासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्या ती घालतात. पण हे 'बेली' नाव आलं कुठून? ते आलं 'बॅले'वरून. युरोपातल्या रंगमंचावर नाचणाऱ्या मुलींचे बूट साध्या बुटांच्या रूपात बाजारात आले आणि फिरत फिरत सांगलीच्या आणि साताऱ्याच्या बाजारपेठेत पोचले.

म्हणजे रंगमंचावर जे घातलं जातं ते काही वर्षांनी रस्त्यावर दिसतं, हा नियम जगभर लागू आहे.

मग प्रश्न पडतो, आपल्याकडे असं काय झालं? आपल्याकडे बॅले नव्हता. पण संगीत नाटक होतं, तमाशा होता. आणि गंमत म्हणजे या दोन्हींचे महत्त्वाचे धागे कृष्णाकाठच्या सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत सापडतात. आज गुढीपाडव्याला नऊवारी, नथ आणि अंबाड्यात गजरा असा जो 'मराठमोळा लूक' केला जातो, त्यात या दोन रंगमंचांचा मोठा वाटा आहे. पण त्यातल्या एकाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला टोमणे. ते का, हेही बघायला हवं.

आधी थोडं बॅलेचं

1910 साली पॅरिसमध्ये दियागिलेव्हच्या 'बॅले रूस' या रशियन मंडळीनं 'शेहेराजाद' हा बॅले केला. लेओन बाक्स्टनं त्याचे कपडे केले होते. भडक रंग, ढगळ सलवारी, फेटे, मोत्यांच्या माळा. तोपर्यंत फिक्या रंगांत आणि घट्ट कॉर्सेटमध्ये वावरणाऱ्या पॅरिसच्या बायकांनी ते पाहिलं आणि त्या थाटाची लाट आली. पॉल प्वारे हा फॅशन डिझायनर त्याच काळात तसे कपडे विकत होता, त्याचा धंदा जोरात चालला.

बेलीची गोष्ट नंतरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या बुटांचं रेशनिंग झालं. तेव्हा क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरनं कॅपेझिओ या नाचाचे बूट बनवणाऱ्या कंपनीकडून बॅलेच्या बुटांना कडक तळ लावून घेतला. रस्त्यावर चालता येईल असा बूट तयार झाला. पुढे 1956 साली पॅरिसच्या रोझ रेपेटोनं ब्रिजित बार्दो या नटीसाठी तसेच बूट केले आणि ते जगभर गेले.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. रंगमंचावरचा पोशाख जसाच्या तसा कोणी घालत नाही. त्यातला रोजच्या जगण्यात बसेल असा तुकडा लोक उचलतात. बॅलेचा घेरदार झगा कोणी बाजारात घालून गेलं नाही, बूट मात्र सगळ्यांनी घेतले. आपल्याकडेही तेच झालं.

सुरुवात झाली सांगलीत, 1843 साली

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारात कर्नाटकातून एक भागवत मंडळी आली होती. यक्षगानाच्या वळणाचा त्यांचा खेळ राजेसाहेबांनी पाहिला आणि आपल्या भाषेत असं काही करा, असं त्यांनी दरबारातल्या विष्णुदास भावे यांना सांगितलं. भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रचलं आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत त्याचा प्रयोग झाला. म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन.

त्या नाटकात सीता कोण झालं असेल? अर्थातच पुरुष. बाईनं नाटकात काम करायचं, हे तेव्हाच्या प्रतिष्ठित समाजाला मान्यच नव्हतं. ही अडचण पुढची नव्वदेक वर्षं मराठी रंगभूमीला पुरली आणि आपल्या गोष्टीतली सगळी गंमत तिच्यातूनच निघते.

1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्यात सांगलीकर पुढे होते. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. आणि या नाटकांतून ज्यानं महाराष्ट्राला वेड लावलं त्या नटाचं गाव कृष्णाकाठचंच, पलूस तालुक्यातलं नागठाणे.

त्या नटाचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. लोक त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतात.

त्याआधी चित्रांनी जमीन तयार केली होती

बालगंधर्वांकडे जाण्याआधी एक थांबा घेऊ, सातारा जिल्ह्यातल्या औंधला.

औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि हा संग्रह त्यांनीच उभा केला. रविवर्मा केरळचे. पण देवी आणि पुराणातल्या नायिका रंगवताना त्यांनी बऱ्याचदा मराठी पद्धतीची नऊवारी वापरली.

1894 साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून रंगीत चित्रं छापून घरोघरी जाऊ लागली. तोपर्यंत उत्तम नटलेली बाई निवांत न्याहाळायला मिळणं ही सामान्य माणसासाठी दुर्मीळ गोष्ट होती. आता ती भिंतीवर टांगलेली होती. सरस्वती असो की शकुंतला, सुंदर बाई कशी दिसते याचं एक ठरावीक चित्र लोकांच्या डोक्यात बसलं.

चित्र मात्र हलत नाही. ते चालतं-बोलतं झालं नाटकात.

मिरज, 1905: शकुंतला आली

1905 साली नारायण राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. मंडळीतला त्यांचा शकुंतलेचा पहिला प्रयोग झाला मिरजेला. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. आवाज तर होताच, पण रूपही असं की प्रेक्षक समोरचा मुलगा आहे हे विसरून जायचे.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. 1911 साली 'मानापमान'मध्ये भामिनी. 1913 साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 साली 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी आणि 'संशयकल्लोळ'मध्ये रेवती. 1919 साली राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये सिंधू.

नाटकाला बायका येत. त्यांची बसायची जागा वेगळी असे, पण त्या येत. आणि घरी जाताना गाण्याबरोबर आणखी काहीतरी घेऊन जात: साडी कशी नेसली होती, पदर कुठून घेतला होता, अंबाडा कसा घातला होता, फूल कोणत्या बाजूला होतं.

बालगंधर्वांचं बघून बायका साडी नेसायला, केस बांधायला, दागिने घालायला लागल्या, ही केवळ आजी-पणजीची आठवण नाही. भारतीय रंगभूमीच्या अभ्यासक कॅथरिन हॅन्सन यांनी स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांवर लिहिताना हे नोंदवलं आहे. गुजराती रंगभूमीवरचे जयशंकर 'सुंदरी' आणि मराठीतले बालगंधर्व या दोघांचंही अनुकरण त्या काळातल्या बायका करत होत्या.

त्या वेशात असं काय होतं?

आपण त्यांचे फोटो पाहिले तर काही गोष्टी लगेच दिसतात.

पहिली, नऊवारीची चापूनचोपून नेसण. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या निऱ्या, ओचा, कासोटा हे सगळं नीट बसलं तर बाई रुबाबदार दिसते, नाहीतर कापडाचं गाठोडं होतं. बालगंधर्वांची साडी मूर्तीला नेसवल्यासारखी बसायची.

दुसरी, अंगभर पोशाख. पूर्ण पोलकं, खांद्यावरून नीट घेतलेला पदर. याला एक साधं कारण असू शकतं. नट पुरुष होता. दंड, खांदे झाकलेले असणं त्याच्या सोयीचं होतं. गळ्याशी घट्ट बसणारी ठुशी किंवा चिंचपेटी घातली की पुरुषाचा कंठही लपतो. पण झालं असं की नटाची ही सोय बघणाऱ्या बायकांना शालीनता वाटली. आणि जे शालीन दिसतं ते घरात चालतं.

तिसरी, अस्सलपणा. रंगमंचावर नकली जरी, खोटे मोती चालतात. गंधर्व मंडळीला ते चालायचं नाही. भारी शालू, पैठण्या, उंची दागिने, थिएटरात अत्तराचा घमघमाट. या थाटापायी मंडळी कर्जात बुडाली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रेक्षकांच्या बाजूनं बघितलं तर त्याचा परिणाम वेगळा होता. रंगमंचावर दिसणारी साडी ही 'नाटकातली साडी' नव्हती, ती खरी साडी होती. म्हणजे पैसे असतील तर विकत घेता येण्यासारखी.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वेश भूमिकेप्रमाणे बदलायचा. 'मानापमान'मधली भामिनी श्रीमंताची मुलगी आहे, पण गरीब धैर्यधराला जोखण्यासाठी ती साध्या वेशात वनमाला बनून येते. एकाच नाटकात एकच बाई नटलेली आणि साधी, अशी दोन्ही रूपात दिसते. 'एकच प्याला'मधली सिंधू तर दारुड्या नवऱ्यापायी उघड्यावर आलेली बायको. तिच्या अंगावर शालू नाही. तरी लोक तिच्यावरून नजर काढत नसत.

पैठणी परवडणारीला भामिनी होती, न परवडणारीला वनमाला होती. साध्या लुगड्यातही नीटनेटकं दिसता येतं, हा धडा मध्यमवर्गीय बायकांसाठी पैठणीपेक्षा जास्त कामाचा होता.

पण हे पुरुषानंच का ठरवलं?

इथे खरी मेख आहे.

1910-20 च्या काळात प्रतिष्ठित घरातली बाई चारचौघांत नटून उभी राहिली आणि शंभर परक्या पुरुषांनी तिला न्याहाळलं, तर तिची अब्रू गेली असं मानलं जायचं. पण बाईच्या वेशातला पुरुष उभा असेल तर त्याच्याकडे बघण्यात कोणाचीच अब्रू जात नव्हती. नवरा, सासरा, दीर यांच्या सोबत बसून बाई ते बघू शकत होती आणि घरी येऊन "तशी साडी हवी" असं म्हणू शकत होती.

म्हणजे बालगंधर्व नुसते नट नव्हते. ज्या समाजात बाईला स्वतःकडे कोणी बघावं असं म्हणायची सोय नव्हती, तिथे ते एक सुरक्षित आरसा होते.

त्यांच्या कलेबद्दल शंका नाहीच. सरकारनं त्यांना 1964 साली पद्मभूषण दिलं. पण हाही विचार करायला हवा की आदर्श मराठी स्त्री कशी दिसावी, कशी चालावी, कशी लाजावी याचं चित्र पुरुषांनी लिहिलेल्या नाटकांतून आणि पुरुषानं केलेल्या भूमिकांतून तयार झालं. बायकांनी ते बघून स्वतःला तसं घडवलं. मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली.

बायका रंगमंचावर आल्या तेव्हा

पुन्हा मिरजेला येऊ. 1905 साली, म्हणजे मिरजेत बालगंधर्वांची शकुंतला उभी राहिली त्याच वर्षी, त्याच गावात एक मुलगी जन्मली. हिराबाई बडोदेकर. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ही मुलगी.

हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या. पुढे भावंडांसोबत नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिकाही केल्या. आता बाईची भूमिका खुद्द बाई करत होती.

पण हिराबाईंचा मैफलीतला पोशाख आठवा. साधी, अंगभर साडी, हातवारे नाहीत, नखरा नाही. बालगंधर्व शालू आणि दागिन्यांत मढून उभे राहू शकत होते, कारण ते पुरुष होते. खरी बाई तशी नटून समोर आली असती तर लोकांनी लगेच तिला 'बाजारू' म्हटलं असतं. मान मिळवायचा तर साधं दिसायचं, ही अट फक्त बाईला होती. गंमत अशी की याही साधेपणाचं अनुकरण झालं. गाणारी, शिकलेली, घरंदाज बाई म्हणजे फिकी साडी आणि मोजके दागिने, हे समीकरण पुढच्या कित्येक गायिकांनी पाळलं.

1933 साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक होत्या. रंगमंचावर खऱ्या घरासारखं घर होतं आणि कपडेही घरात घालतात तसे. भरजरी नायिकेचा जमाना ओसरू लागला होता.

याच सुमारास घराघरांत एक मोठा बदल चालू होता. नऊवारी मागे पडून गोल नेसायची पाचवारी येत होती. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली, नोकरीवर जाणाऱ्या बायका, पुढे दुसऱ्या महायुद्धातली कापडाची टंचाई, अशी अनेक कारणं त्यामागे होती. नाटक-सिनेमानं हा बदल घडवला असं म्हणणं चूक ठरेल. पण सुनेनं गोल साडी नेसली की नाक मुरडणाऱ्या सासूला पडद्यावरची सुशील नायिकाही तशाच साडीत दिसू लागली, तेव्हा विरोधाची धार थोडी कमी झाली असणार.

आणि सगळंच उचललं गेलं असंही नाही. 1938 साली 'ब्रह्मचारी' सिनेमात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या. लोकांनी पुन्हा पुन्हा जाऊन सिनेमा पाहिला. म्हणून काही कृष्णेच्या घाटावर बायका स्विमिंग सूट घालून आल्या नाहीत. बघणं वेगळं आणि घालणं वेगळं.

दुसरा रंगमंच: ढोलकीचा

आता त्या धाग्याकडे, ज्याला टोमणे मिळाले.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचं गाव आहे. तिथल्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मण तरुणानं जातीची पर्वा न करता तमाशाचा फड जवळ केला आणि पठ्ठे बापूराव या नावानं शेकडो लावण्या लिहिल्या. त्यांच्यासोबत पवळा नाचायची. बापूराव आणि पवळा ही जोडी महाराष्ट्रभर गाजली.

संगीत नाटकात बाई नव्हती तेव्हा तमाशात बाई होती. हे आपण सोयीस्करपणे विसरतो. रंगमंचावर बाईनं उभं राहायचं धाडस आधी केलं ते दलित आणि भटक्या समाजांतल्या बायकांनी. फक्त त्यांच्या धाडसाला कोणी धाडस म्हटलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या. कोल्हाटी समाजात जन्म, लहानपणापासून गाणं आणि नाच. बैठकीची लावणी ही त्यांची खासियत. बसून, नजरेनं आणि हाताच्या अदेनं एकच ओळ दहा प्रकारे उलगडायची. 1975 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2012 साली पद्मश्री. 2018 साली त्या गेल्या.

लावणीचा पोशाख म्हणजे मुळात काय? तीच नऊवारी. सातारा-सांगलीच्या शिवारात भांगलण करणारी बाई जे लुगडं कासोटा घालून नेसायची, तेच. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात. शेतात वाकता येतं, झपाझप चालता येतं आणि नाचताही येतं. लावणीत ती थोडी वर आणि घट्ट नेसली गेली, कारण पायातले चाळ दिसायला आणि ऐकू यायला हवेत. त्यावर कमरपट्टा, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा आणि काठापदराचा झळझळीत शालू.

म्हणजे कापड तेच, नेसण जवळपास तीच. पण भामिनीच्या अंगावर ते 'घरंदाज' आणि पवळेच्या अंगावर 'तमाशातलं'. "काय तमासगिरिणीसारखी नटलीस" हे वाक्य गावाकडच्या कित्येक मुलींनी ऐकलंय. फरक साडीत नव्हता, नेसणारीच्या जातीत होता.

दोन सिनेमे, एकच दिग्दर्शक

हा फरक समजून घ्यायचा तर दोन सिनेमे पाठोपाठ बघा. 2010 चा 'नटरंग' आणि 2011 चा 'बालगंधर्व'. दोन्हीचे दिग्दर्शक रवी जाधव.

'नटरंग' आनंद यादवांच्या कादंबरीवर आहे. गुणा हा राबणारा, पैलवानी शरीराचा गडी. तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो आणि नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. त्याची किंमत त्याला भोगावी लागते: हेटाळणी, अत्याचार, घरादाराची ताटातूट.

'बालगंधर्व'मध्येही एक पुरुष बाईचा वेश घेतो. त्याला राजेरजवाडे मान देतात, बायका त्याच्यासारख्या नटतात. या सिनेमाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

एक खरा माणूस, एक कादंबरीतला. दोघेही बाईच्या वेशात. एकाचा गौरव, दुसऱ्याची विटंबना. मधे उभी आहे ती जात, पैसा आणि कोणता प्रेक्षक समोर बसलाय ही गोष्ट.

मग तमाशातली नऊवारी घरात आली कशी?

सिनेमाच्या वाटेनं. 1959 चा 'सांगत्ये ऐका' तुफान चालला आणि जयश्री गडकर घराघरांत पोचल्या. 1972 च्या 'पिंजरा'नं संध्या यांची लावणी शहरी मध्यमवर्गापर्यंत नेली. (यातले मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, जन्मानं सातारकर.) वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा'मधून लावणीसह सगळे लोकनाच नाट्यगृहात आणले. आता सहकुटुंब लावणी बघता येऊ लागली.

मधल्या काळात नऊवारी रोजच्या वापरातून गेली होती. आणि इथेच एक गोष्ट झाली. जोवर ती रोजची होती, तोवर ती नुसतं 'लुगडं' होती. रोजच्या वापरातून गेली तेव्हा ती 'परंपरा' झाली. आणि परंपरा सणाला नेसतात.

पण नव्या पोरींना सव्वाआठ मीटर कापड सावरता येईना. मग शिवलेली नऊवारी आली. पायजम्यासारखी घालायची, नाडी किंवा हुक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा, पाच मिनिटांत तयार. कुठल्याही दुकानात विचारा, प्रकार सांगतील: ब्राह्मणी, पेशवाई, राजलक्ष्मी, मस्तानी, लावणी. 2015 च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर तर शिवलेल्या नऊवारीची मागणी आणखी वाढली.

ही नावं नीट वाचा. ब्राह्मणी आणि लावणी आता एकाच हँगरवर शेजारी शेजारी लटकलेल्या आहेत. ज्या नेसणीवरून शंभर वर्षं बायकांची लायकी ठरवली गेली, ती आता फक्त शिवणीचा एक प्रकार आहे. गिऱ्हाईक विचारतं, "यातली कोणती जास्त चापून बसते?"

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेली मुलगी आठवा. नऊवारी, नथ, डोळ्यांवर गॉगल आणि डोक्याला फेटा. फेटा हा पुरुषाचा. एकेकाळी पुरुषानं बाईची साडी नेसून बाईची फॅशन ठरवली. आज बाईनं साडीवर पुरुषाचा फेटा चढवलाय आणि ती ठरवतेय.

सगळं श्रेय रंगमंचाचं?

नाही. फॅशन एका कारणानं बदलत नसते. गिरण्यांचं स्वस्त कापड आलं, शिवणयंत्र आलं, रेल्वेनं माल गावोगाव पोचला, मुली शिकल्या. रंगमंचानं काय केलं, तर या सगळ्यातून जे शक्य झालं होतं ते 'दिसतं कसं' हे दाखवलं. दुकानात कापड होतंच, ते अंगावर कसं घ्यायचं हे नाटकानं आणि लावणीनं शिकवलं. आज तेच काम रील करतं.

फरक एवढाच की रीलमध्ये खाली नाव येतं. ज्यांचं बघून आपण नटायला शिकलो त्यातल्या बालगंधर्वांचं नाव मिरजेच्या आणि पुण्याच्या नाट्यगृहांवर आहे. पवळेचं किती जणांना माहीत आहे?

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखं

- मराठी नाटकाची सुरुवात 1843 साली सांगलीत झाली. स्त्रीभूमिका पुरुषच करत.
- रविवर्म्यांच्या छापील चित्रांनी नऊवारीतल्या नायिकेचं रूप घरोघरी नेलं. त्यांची मूळ चित्रं आजही सातारा जिल्ह्यात औंधला बघता येतात.
- बालगंधर्वांची साडी, केशरचना, दागिने यांचं अनुकरण त्या काळातल्या बायकांनी केलं. त्यांचा शकुंतलेचा पहिला प्रयोग 1905 साली मिरजेला झाला.
- लावणीचा पोशाख हा शेतात राबणाऱ्या बाईच्या लुगड्याचाच नटलेला अवतार. पठ्ठे बापूराव सांगली जिल्ह्यातले, यमुनाबाई वाईकर सातारा जिल्ह्यातल्या.
- आजच्या शिवलेल्या नऊवारीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत.

पुढच्या वेळी नऊवारीतला फोटो टाकाल तेव्हा कॅप्शनमध्ये 'मराठमोळा साज' जरूर लिहा. फक्त तो साज सांभाळून आपल्यापर्यंत कोणी आणला, हेही शेजारच्या पोरीला सांगा.